आडनावांची शिल्लक

बीडहून मांजरसुंब्याला यायचं आणि पाटोद्याच्या रस्त्याला लागायचं, की लिंबागणेश येतं. गाव भालचंद्र गणपतीचं. चंद्र गणपतीला हसला, शाप भोगला, इथं तप केलं, आणि गणपतीनं त्याला कपाळावर जागा दिली, म्हणून भालचंद्र. म्हणजे देवालाही हे नाव कुणीतरी हसल्यामुळं मिळालं. मराठी आडनावांत असा प्रकार पुष्कळ. एकजण काहीतरी करतो, दुसरा हसतो, आणि नाव तिसऱ्या पिढीच्या रेशनकार्डावर चढतं.

दुर्मीळ आडनाव कुठलं, हे विचारणारा कुठं बसलाय यावर ठरतं. नागरगोजे, लटपटे, जायभाये, केकाण, सानप, डोईफोडे, पोटभरे. पुण्याच्या ऑफिसात यांना स्पेलिंग विचारतात. बीडच्या एसटी स्टँडवर यातली एक हाक मारली तर चारजण वळून बघतात. ही नावं कुठं जात नाहीत. जाणारी निराळी. त्यांची ही यादी.

वल्द आणि बिन

मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या मुलखातल्या, कागदात माणूस असा यायचा: अमुक वल्द तमुक, राहणार फलाणं. पेशवाईच्या आणि पुढं कंपनीच्या कागदांत वल्दच्या जागी बिन. बापाचं नाव, गावाचं नाव, झालं. गावात राहणाऱ्याला आडनावाचं काम पडत नव्हतं. काम दप्तराला पडलं. शाळेच्या रजिस्टरात रकाना आला, गुरुजींनी विचारलं, बापानं सुचेल ते सांगितलं. कुणी कुळ सांगितलं, कुणी धंदा, कुणी गाव, कुणी आळीनं ठेवलेलं टोपणनाव.

बीड १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडं, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्यात, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. दप्तराची भाषा बदलली, मोडी सुटली, वल्द गळाला. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारे हुडकावे लागले. जुन्या कागदात पणजोबा सापडतो, त्याचा बाप सापडतो, आडनाव पुष्कळदा नसतं. मग हा पणजोबा आपलाच, हे दाखवायला वंशावळ जोडायची.

पिसाळ

सातारच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील यांचं मूळ आडनाव पिसाळ. पाटीलकीमुळं पाटील. १९५७ मध्ये ते साताऱ्यातून लोकसभेत गेले आणि १९६७ मध्ये बीडमधून, कम्युनिस्ट पक्षाकडून. बीडकरांनी निवडून दिलं ते नाना पाटलांना. पिसाळ हे नाव आता त्यांच्या चरित्राच्या पहिल्या परिच्छेदात असतं, पुढं नसतं.

पाटलांच्या पोटातली कुळं

पिसाळांचं झालं तेच हजारो घरांचं. पाटील हा हुद्दा होता, गावात एका घराचा, फार तर वाटणीनं दोन घरांचा. वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी महाराष्ट्रातून १९६२ च्या कायद्यानं गेली. पोलीस पाटील १९६७ च्या कायद्यानं नेमणुकीचा झाला. मुंबई राज्यात कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं संपली. हैदराबाद राज्यातल्या जहागिऱ्या १९४९ मध्ये. मोगलाईतल्या देशमुख-देशपांड्यांचं वसुलीचं काम तर त्याच्याही आधी, निजामाचा दिवाण सालारजंग यानं १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली, म्हणजे जिल्हे पाडून वसूल सरकारी अंमलदारांकडं दिला, तेव्हाच सुटलं. हाती रुसूम, म्हणजे हक्काची रोख रक्कम, तेवढी राहिली.

हुद्दे गेले आणि आडनावं वाढली. पाटीलकी थोरल्याकडं असायची. थोरल्याबरोबर धाकटेही कागदावर पाटील झाले, मग त्यांची मुलं, मग चुलत्यांची. आता नुसतं पाटील सांगून काही कळत नाही, म्हणून मराठवाड्यात पुढं गाव जोडतात: शिवराज पाटील चाकूरकर, शिवाजीराव पाटील निलंगेकर. यात खाली दबलं ते कुळाचं नाव. लग्न जमवताना 'पाटील, पण मूळचे कोण?' हा प्रश्न येतो तेव्हा ते अजून एकदा वर येतं. तेवढ्यापुरतंच.

नीस मंडळी

फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, जमेनीस, हसबनीस, पारसनीस, वाकनीस, सुरनीस. फारसीत लिहिणाऱ्याला जे नवीस म्हणतात, त्याचं मराठीत नीस झालं. पोतनीस खजिन्याचा हिशेब ठेवी, चिटणीस पत्रं लिही, जमेनीस वसुलाची जमा मांडी, पारसनीस फारसी पत्रव्यवहार सांभाळी.

शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकावेळी हुद्द्यांना संस्कृत नावं दिली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, वाकनीसाचा मंत्री, डबीराचा सुमंत. राज्यव्यवहारकोश त्यासाठीच रचला गेला. दरबारानं ऐकलं, घरांनी ऐकलं नाही. साडेतीनशे वर्षांनंतर मुजुमदार आणि डबीर दारावरच्या पाट्यांत आहेत. अमात्य आणि सचिव मुख्यतः बावडा आणि भोरच्या संस्थानिक घराण्यांमागं राहिले. फडणीस, चिटणीस, सबनीस अजून ठीक चालले आहेत. सुरनीस आणि वाकनीस मात्र शोधावे लागतात. घरं मुळातच थोडी, त्यातली पुष्कळ शहरात, त्यातली काही परदेशात.

पखाली, नालबंद, शिकलगार

बैलाच्या पाठीवर कातडी पखाल टाकून पाणी घालणारा पखाली. घोड्याबैलांना नाल ठोकणारा नालबंद. हत्यारांना धार लावणारा शिकलगार. कापूस पिंजणारा पिंजारी. पानांचा तांबोळी, बांगड्यांचा मणियार, अत्तराचा अत्तार, कापड रंगवणारा रंगारी. यातली काही आडनावं मुसलमान घरांत, काही हिंदू घरांत, काही दोन्हींकडं.

खुद्द बीड शहर एकेकाळी चामड्याच्या छागळींसाठी आणि गुप्त्यांसाठी नावाजलेलं होतं. छागळ म्हणजे प्रवासात पाणी न्यायची कातडी पिशवी. नळ आला, मग प्लॅस्टिकची बाटली आली, आणि छागळ गेली. पखालीचं कामही नळानंच नेलं. बऱ्याच मुसलमान घरांच्या कागदावर आता फक्त शेख आहे. मोहल्ल्यातले म्हातारे अजून 'नालबंदाचा नातू' म्हणतात. नातवाच्या आधार कार्डाला ते ठाऊक नाही.

पाटलाचा हुद्दा गेला तरी पाटील वाढले. पखालीचं काम गेलं आणि पखाली आटले. दोन्हींत गेलं ते कामच.

गोऱ्हे

जोतीराव फुले यांच्या घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. पुण्यात फुलांचा व्यवसाय केला आणि फुले झाले. गोऱ्हे आडनाव महाराष्ट्रात इतरत्र आहे; या घरापुरतं ते पुण्यात संपलं. जोतीरावांनी शाळा काढल्या, सत्यशोधक समाज काढला, ते फुले म्हणून. धंद्याच्या आडनावाला एवढा मान क्वचित मिळाला असेल. तरी आज फुलांचं दुकान टाकणाऱ्याला कुणी फुले म्हणणार नाही. धंद्यावरून आडनाव बनवायची ती भट्टी आता बंद आहे. आज इंजिनिअर किंवा ड्रायव्हर झालेल्याला ते आडनाव म्हणून चिकटत नाही. जी आहेत त्यांच्यातून फक्त वजाबाकी होते.

सकपाळ

साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. गावावरून आंबडवेकर, आणि पुढं शाळेतल्या शिक्षकांच्या आडनावावरून आंबेडकर, असा त्याचा प्रवास सांगितला जातो. महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा आता विद्यार्थी दिवस आहे.

आडनाव हे रक्तातून येतं असं मानणाऱ्यानं ते रजिस्टर डोळ्यांपुढं ठेवावं. आडनाव शाईतून येतं. पुष्कळदा ती शाई दुसऱ्याच्या दौतीतली असते.

जी जायलाच हवी होती

सगळं जाणं हळहळण्यासारखं नसतं. जातीचं नाव किंवा गावकीच्या कामाचं नाव ज्याच्या नावामागं दुसऱ्यांनी लावलं, त्यानं ते टाकून दिलं, तर तिथं काही हरवत नाही. महार वतन हे गुलामीचं साधन आहे हे बाबासाहेबांनी ओळखलं आणि १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात ते मोडायचं विधेयक आणलं. कनिष्ठ गावकी वतनं मोडणारा कायदा आला १९५८ मध्ये, बाबासाहेब गेल्यावर. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं घेतला डिसेंबर २०२० मध्ये. कागद असा चालतो.

कितीतरी घरांनी कागदाची वाट पाहिली नाही. जुनं नाव काढून गावाचं नाव घेतलं, मागं 'कर' लावला. गावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं त्यांनी गावाचंच नाव घेतलं. हा हक्क होता आणि तो बजावला गेला.

आगलावे, घरजाळे, एकबोटे

वाघमारे सांगताना कुणी लाजत नाही. आगलावे, घरजाळे, डुकरे, गाढवे, ढेकणे, बोबडे, थोटे, बहिरे यांच्या मुलांना वसतिगृहात पहिल्याच दिवशी कळतं की आडनावाला लोक हसतात. मोठेपणी त्यातले काही राजपत्रात नाव बदलल्याची नोंद करतात आणि गावाचं किंवा आजोबांचं नाव लावतात.

या आडनावांमागं गोष्टी सांगतात. कुणाच्या पूर्वजानं शत्रूची गंजी पेटवली, कुणाचं बोट लढाईत गेलं. बहुतेक गोष्टी आडनावानंतर रचलेल्या असाव्यात. हसू थांबवायला पराक्रम लागतो. घोरपडे त्यातल्या त्यात नशीबवान. घोरपड लावून किल्ला चढल्याची कथा भोसले कुळातल्या त्या शाखेला मिळाली, पुढं मुधोळचं संस्थान मिळालं, आणि सरपटणाऱ्या प्राण्याचं नाव सरदारी झालं. ढेकण्यांना संस्थान मिळालं नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी नावागावांच्या व्युत्पत्त्यांचा कोश रचला, त्यात अशा नावांना गंभीरपणं घेतलं. त्यांच्या व्युत्पत्त्या पटोत न पटोत, ते हसले नाहीत.

गाव सोडलेले गावकर

केहिमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर. रायगड जिल्ह्यातल्या गावांची ही आडनावं बेने इस्राएल ज्यूंमध्येही आहेत. कोकणात हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत; म्हणून शनवार तेली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी या समाजाचा इतिहास लिहिला. पुस्तक छापून आलं १९३७ मध्ये, तेल अवीवमध्ये. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्राएलला गेली: अश्दोद, लोद, रामला, दिमोना, बीरशेबा. तिथून मराठीत 'मायबोली' नावाचं नियतकालिक निघालं. किहीम-नवगावचं नाव सांगणारी माणसं आता वाळवंटाच्या काठी राहतात, आणि त्यांची नातवंडं हिब्रू बोलतात.

आपल्याकडं निराळं होतं. माणूस जागेवर राहतो आणि गाव जातं. पैठणच्या नाथसागरात गावं गेली, माजलगावच्या धरणात गेली. निजामाच्या काळातलं मोमिनाबाद पुन्हा अंबाजोगाई झालं. गावाचं नाव नकाशातून निघतं तेव्हा ते कुणाच्या तरी आडनावात शिल्लक राहतं. तेवढ्यापुरतं आडनाव हे नकाशापेक्षा जास्त भरवशाचं.

टी.

तंजावरच्या मराठी माणसांनी तमिळ रीत उचलली: आधी गावाचं आद्याक्षर, मग बापाचं, मग नाव, शेवटी राव. सर टी. माधवराव, जन्म १८२८, कुंभकोणम. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण. त्यातला टी म्हणजे तंजावर. महाराष्ट्रात आपण त्यांना माधवराव म्हणतो आणि आडनाव विचारायचं विसरतो. रजनीकांत यांचं नाव शिवाजीराव गायकवाड. हे आडनाव दुर्मीळ मुळीच नाही; सिनेमानं ते एका माणसापुरतं पुसलं.

ळ आणि ण

हा ऱ्हास नवा. आडनाव आधी देवनागरीतून रोमन लिपीत जातं, मग यंत्र ते रोमनमधून परत देवनागरीत आणतं. काळे जातात आणि काले येतात. मुळे जातात, मुले येतात. केकाणांचे केकान होतात, ढाकणे यांचे ढाकने. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. मग तिन्ही माणसं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र तहसीलबाहेरच्या टायपिस्टकडून करून घ्यायचं. पीकविम्याचे पैसे अडकू नयेत म्हणून शेतकरी शेवटी यंत्राचंच आडनाव मान्य करतो. इथं कुणी हसत नाही आणि कुणी लाजतही नाही. तरी आडनाव बदलतं.

कोयता

लिंबागणेश ज्या मुलखात आहे तिथून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर ठरते, टोळी किती कोयत्यांची यावर मुकादमाचं वजन ठरतं. पाच-सहा महिने माणसाला नाव नसतं, बाईला तर वेगळा आकडाही नसतो. या यादीत हे नको, आडनावाशी याचा संबंध काय, असं कुणी म्हणेल. संबंध एवढाच, की आडनाव दप्तरानं दिलं हे वर सांगितलं. एक दप्तर असंही आहे की जे ते काढून घेतं.

आजीचं माहेर

इंग्लंडात १८७३ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी एका नियतकालिकात गणिताचा प्रश्न घातला: नाव फक्त मुलांमार्फत पुढं जात असेल, तर काही पिढ्यांत किती आडनावं नष्ट होतील? हेन्री वॉटसन या पाद्री गणितज्ञानं उत्तर मांडलं आणि १८७४ मध्ये दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचं सार असं, की साथ नको, दुष्काळ नको, नुसत्या योगायोगानंही आडनावं मरत राहतात. एका घराला दोन्ही मुली झाल्या, दुसऱ्यात मूल झालं नाही, तिसरा दत्तक गेला, की संपलं. घरं थोडी असतील तर लवकर संपतं. कोरियात किम, ली आणि पाक या तीन आडनावांत जवळजवळ निम्मा देश बसतो. आपल्याकडं आडनावांची रेलचेल आहे, पण चाल तीच आहे.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात आईचं नाव लावणं सरकारी कागदांवर सक्तीचं झालं: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आईचं नाव आलं. आडनाव ठरवायची जुनी वाट बदलली नाही. दर लग्नागणिक एक आडनाव मागं राहतं, आणि त्या हिशेबानं या यादीतला सर्वांत मोठा रकाना हाच आहे.

नाव सांगणारे

कोल्हापूर-सांगली-बेळगावकडं हेळवी येतो, घराची वंशावळ म्हणतो, धान्य घेतो, पुढच्या घरी जातो. त्र्यंबकेश्वर-नाशिकला क्षेत्रोपाध्यायांकडं वह्या असतात. कुठल्या गावचं कुठलं घराणं कुठल्या उपाध्यायाकडं हे ठरलेलं. आलेल्या यजमानाचं नाव, बापाचं, आजाचं, भावांचं, गावाचं त्यात उतरतं. जुन्या नोंदी मोडीत. हेळव्याचा मुलगा नोकरीला लागला की म्हणणं थांबतं. वही राहते, पण मोडी वाचणारा हवा. तहसीलच्या दप्तरात जे नाही ते पुष्कळदा या दोघांकडं होतं.

हिशेब

ही यादी वरपासून खालपर्यंत वाचली तर जाणाऱ्यांत आणि राहणाऱ्यांत एक फरक दिसतो. अधिकाराची आडनावं अधिकार गेल्यावरही वाढली, कारण ती लावायला प्रत्येकजण तयार होता. कसबाची, चेष्टेची आणि बायकांच्या माहेरची आडनावं आटली, कारण ती सोडायला कुणीतरी भाग पाडलं किंवा सोडल्याचं कुणाला काही वाटलं नाही. हे असंच चाललं तर शंभर वर्षांनी मतदारयादी वाचणाऱ्याला वाटेल, या मुलखात पाटील, देशमुख आणि इनामदार भरपूर होते. पाणी घालणारं, नाल ठोकणारं, कापूस पिंजणारं कुणी नव्हतंच. आडनावांवरून काढलेला इतिहास दर पिढीला थोडा अधिक खोटा होत जातो.

आडनाव ज्याला बदलायचं असेल त्यानं खुशाल बदलावं. तो त्याचा प्रश्न आहे आणि हक्कही. जुनं कुठलं होतं, ते कुणी टाकलं आणि का, एवढं घरच्या वहीत एका ओळीत लिहून ठेवावं. सुरुवात आजीच्या माहेरच्या आडनावापासून करा. ते बिनचूक सांगणारं माणूस घरात बहुधा एकच असतं.